पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला प्लीटचे पडदे: कापड किती, रॉड की चॅनेल?

नवंघर_पुणे
नमस्कार मंडळी, बाणेरला नवीन फ्लॅटचा ताबा मिळालाय आणि आता पडद्यांवर गाडी अडलीये. हॉलला बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा आहे, ७ फूट रुंद ७ फूट उंच, तोंड पश्चिमेला, दुपारी तीननंतर नुसतं ऊन ऊन, सोफा कुठे ठेवायचा तेच कळत नाही. बेडरूमची खिडकी ५ बाय ४ ची साधी. मला हॉलला ते वरती तीन चुण्या घातलेले असतात ना, अमेरिकन प्लीट म्हणतात ते हवेत, सासूबाईंचं म्हणणं आयलेटचे, म्हणजे वरच्या कडेला गोल रिंगा बसवलेले घ्या, धुवायला सोपे पडतात. रविवार पेठेत दोनतीन दुकानं बघून आले, प्रत्येक जण वेगळं कापड सांगतो, एक म्हणाला चार पडदे पुरतील, दुसरा म्हणाला सहा शिवाय भागणारच नाही, आणि टेलर म्हणतो तुम्ही कापड आणून टाका ताई बाकी मी बघतो. रॉड लावायचा का वर छताला चॅनेल, म्हणजे ती पडदा सरकायची पट्टी? फॉल्स सीलिंगचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, कडेकडेने फक्त, मधे नाही. भिंती सगळ्या काँक्रीटच्या आहेत असं बिल्डरचा माणूस म्हणाला. ज्यांनी प्लीटचे लावलेत किंवा शिवलेत त्यांनी प्लीज नीट सांगा, खर्च एकदाच करायचाय.

सुईदोरा
घरी पडदे शिवून देते मी, डोंबिवलीत, बरीच वर्षं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चार का सहा हा वाद कापडाच्या पन्ह्यामुळे होतो. पडद्याचं कापड काही ४८ इंच पन्ह्यात येतं काही ५४ मध्ये, आणि शिअर म्हणजे ते पातळ जाळीदार तर ११० पर्यंत पण मिळतं. दुकानदार नुसतं "चार पडदे" म्हणतो पण कुठल्या पन्ह्याचे ते सांगत नाही. ४८ चे चार म्हणजे १९२ इंच, ५४ चे चार म्हणजे २१६, फरक बघा केवढा पडला, आणि प्लीटच्या पडद्याची सगळी शोभा ह्या आकड्यावर आहे, कापड किती महाग घेतलं त्याच्यावर नाही. माझ्याकडे लोक भारीतलं जॅकार्ड घेऊन येतात आणि रुंदीत काटकसर करतात, मग चुणी बारीक निघते, दोन चुण्यांमधे कापड ताणून सपाट बसतं आणि पडदा बंद केला की वरती निऱ्या आणि खाली चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा साधं तमिळनाडूतल्या करूरचं जाड कॉटन किंवा पॉली-कॉटन घ्या पण भरपूर घ्या, फार सुंदर पडतं.

हिशोब असा करायचा, खिडकीच्या मापाला नाही तर रॉड किंवा चॅनेलच्या लांबीला किमान दुप्पट कापड, अडीचपट झालं तर उत्तम, शिअर असेल तर तिप्पटीपर्यंत गेलं तरी चालतं कारण ते पातळ असतं. जाड अस्तरवालं कापड असेल तर दुपटीच्या जरा वर पुरे, जास्त घेतलं तर चुणीचा गठ्ठा होतो आणि पडदा बाजूला सारला की अर्धी खिडकी तोच खातो. आणि चॅनेल खिडकीएवढं नाही घ्यायचं, दोन्ही बाजूंना सहा सहा इंच तरी जास्त, म्हणजे पडदा उघडल्यावर भिंतीवर जाऊन बसतो आणि काच मोकळी राहते.

आयलेटबद्दल, सासूबाईंचं चूक नाही. धुवायला ते खरंच सोपे, हूक काढायचा प्रश्न नाही. पण आयलेटचा घेर मोठा आणि सैल असतो, सारखा पुढेमागे येतो, त्यामुळे फर्निचर भिंतीला चिकटून असेल तर अडकतो, आणि रिंगांच्या भोकांतून आणि वरून उजेड येतो तो येतोच. पश्चिमेच्या उन्हाला तुम्हाला तोच नकोय. बेडरूमला आयलेट घ्या, हॉलला प्लीट, दोघींचं मन राहील.

साइटवरचा
काकूंनी कापडाचं सांगितलं, मी लावण्याचं सांगतो, इंटिरियर साइटवरच असतो रोज.

ताई सगळ्यात आधी सीलिंगवाल्याला आजच फोन करा. काम सुरू व्हायच्या आधी त्याला सांगा की पश्चिमेच्या बाजूला पडद्यासाठी खाच सोडायची, म्हणजे सीलिंग भिंतीपर्यंत न्यायचंच नाही, एक चॅनेल असेल तर सहा इंच, शिअर आणि मेन असे दोन असतील तर आठ ते नऊ इंच मोकळं सोडायचं आणि चॅनेल वर थेट स्लॅबला मारायचं. असं केलं की चॅनेल दिसतच नाही, पडदा छतातून खाली उतरल्यासारखा दिसतो, वरून उजेडाची रेघ येत नाही आणि ९ फुटाची खोली उंच वाटते. एकदा बोर्ड लागला की हे करता येत नाही, मग लोक जिप्समच्या बोर्डालाच स्क्रू मारतात, तो बोर्ड साडेबारा एमएम जाडीचा, त्याला अस्तरवाल्या पडद्याचं वजन झेपत नाही, पोरं लोंबकळली की चॅनेल बोर्डासकट खाली. बोर्डालाच लावायची वेळ आली तर निदान आतून प्लायची पट्टी टाकून घ्या, ती पण आधीच टाकावी लागते.

भिंती पूर्ण काँक्रीटच्या आहेत म्हणजे मायवान शटरिंगचं, ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओततात ते बांधकाम दिसतंय, हल्ली पुण्यात नवीन टॉवर बरेचसे तसेच. त्याला साधं घरगुती ड्रिल नाही चालत, बिट लाल होतं नुसतं, रोटरी हॅमर लागतो. सुताराला आधीच विचारा त्याच्याकडे आहे का. आणि अशा भिंतीत लाइटचे पाइप काँक्रीटमधेच टाकलेले असतात, त्यामुळे खिडकीच्या बाजूला स्विचबोर्ड असेल तर त्याच्या सरळ वरती किंवा सरळ आडव्या रेषेत होल मारायचं नाही. स्लॅबमधे पण फॅन पॉइंटचे पाइप असतात, बिल्डरकडे ड्रॉइंग असतं ते मागून घ्या, ताबा नुकताच मिळालाय तर देतील.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, ज्यांच्या भिंती ब्लॉकच्या आहेत, सिपोरेक्स म्हणतात त्या, त्यांनी हॅमर मोड बंद करून नुसतं फिरवून होल मारायचं, नाहीतर होल मोठं होऊन गिट्टी सैल बसते. आणि खिडकीच्या बरोबर वर काँक्रीटचं लिंटेल म्हणजे आडवी तुळई असते, साधारण सहा इंच उंचीची, तिच्या मध्यावर म्हणजे खिडकीच्या तीन इंच वर ब्रॅकेट बसवलं तर पकड पक्की. अजून उंच लावायचं असेल तर लांब नायलॉन प्लग घ्या.

रॉडच घ्यायचा असेल तर सहा फुटाच्या पुढे मधे ब्रॅकेट लागतंच, नाहीतर वर्षभरात रॉड मधे झुकतो. आणि मधे ब्रॅकेट आलं की साध्या रिंगा त्याच्यापलीकडे जात नाहीत, पडदा दोन भागात दोन बाजूंनाच सरकवावा लागतो. चॅनेलला ती भानगड नाही. ॲल्युमिनियमचं जाड घ्या, दर दोन फुटाला स्क्रू, आणि रनर, म्हणजे चॅनेलमधे सरकणारे ज्यात पडद्याचा हूक अडकतो ते, चाकवाले, साधे प्लास्टिकचे घासत चालतात आणि जड पडदा ओढताना तुटतात.

नवंघर_पुणे
दादा खूप खूप धन्यवाद, सीलिंगवाल्याशी आत्ताच बोलले, म्हणाला बरं झालं आधी सांगितलंत. नऊ इंच सोडतोय, दोन चॅनेल. फ्लोअरिंग झालेलं आहे. काकू आता सांगा मी टेलरला नेमकं काय सांगू? जमिनीपासून स्लॅबपर्यंत ९ फूट ४ इंच भरलं. आणि अस्तर लावायचंच का, त्याने खर्च जवळजवळ दीडपट होतोय असं तो म्हणाला.

गुहागरकर
अस्तराचं काकू सांगतीलच, मी आमच्याकडचा अनुभव सांगतो कारण कोकणात प्लीट लावणारे कमी आणि लावले की पहिल्या पावसाळ्यात रडणारे जास्त. पडद्याच्या वरच्या पट्टीत जे बकरम घालतात ते दोन प्रकारचं येतं, एक कागदी खळीचं आणि एक विणलेलं कडक. कागदीला दमट हवा लागली की मऊ पडतं, चुणी मान टाकते आणि आतून काळे ठिपके यायला लागतात. विणलेलंच घ्या, पुण्यात पण, कारण धुतल्यावर कागदी चुरगळतं ते परत सरळ होत नाही. दुसरं म्हणजे हूक. लोखंडाचे पिन हूक दमट हवेत गंजतात आणि फिकट कापडावर तांबडा डाग, तो सहजासहजी जात नाही. प्लास्टिकचे नाहीतर स्टेनलेसचे घ्या. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी शुद्ध कॉटन आणि मखमल दोन्ही टाळा, पॉलिस्टर मिक्स घ्या, लवकर वाळतं. आणि पडदा भिंतीला टेकू देऊ नका, पावसाळ्यात भिंत ओल धरते, मागे हवा खेळायला दोन बोटं तरी जागा हवी.

चिमणी२०१४
माझं मत थोडं वेगळं. घरात दोन लहान मुलं आहेत, हॉलला प्लीट लावलेत, दिसतात देखणे पण मुलं त्यांच्यामागे लपतात आणि ओढतात, रनर सारखे निसटतात. ज्यांच्याकडे अगदी छोटी मुलं आहेत त्यांनी दोनतीन वर्षं रिंगवाले वापरावे आणि मग प्लीट करावे, एवढं कापड आणि शिलाई घालायची तर ते टिकायला हवेत. आणि किचनच्या खिडकीला कुठलेच लांब पडदे नको, गॅसजवळ तर मुळीच नको, तिथे ब्लाइंड किंवा नुसती फ्रॉस्टेड फिल्म.

सुईदोरा
चिमणी, मुलं असतील तर टेलरला सांगून हूक जवळजवळ लावून घ्या आणि चॅनेलच्या दोन्ही टोकांना स्टॉपर घट्ट करून घ्या, निसटणं बरंच कमी होतं.

नवंघर, अस्तर लावाच. पश्चिमेच्या उन्हाने दोन गोष्टी होतात, रंग उडतो आणि सूत कुजतं. गडद निळा, मरून, हिरवा हे तर बाजूच्या घडीवर आधी उडतात, कडेला फिकट पट्टे पडतात. सिल्क किंवा सिल्कसारखं कापड विनाअस्तर पश्चिमेला लावलं तर काही वर्षांत हाताने ओढलं तरी फाटतं. अस्तर हे ऊन स्वतः घेतं आणि ते बदलायला स्वस्त. पांढरं किंवा ऑफव्हाइट घ्या, बाहेरच्या बाजूने, ऊन परत फेकतं आणि खोली कमी तापते. पूर्ण अंधार हवा असेल तरच ब्लॅकआउट, पण हॉलला नको, त्याला लेपाचं कापड असतं त्यामुळे कडक पडतं आणि शिलाईच्या प्रत्येक टाक्यातून चांदण्यांसारखे ठिपके दिसतात. अस्तराची खालची पट्टी मेन कापडाला जोडून शिवू देऊ नका, दोन्ही कापडं वेगवेगळी आटतात, जोडलं असेल तर धुतल्यावर खाली फुगा येतो. अस्तर खाली सुटं आणि एक इंच आखूड, फक्त कडेला शिवलेलं. टेलर लोक वेळ वाचवायला जोडून टाकतात, म्हणून आधीच बजावून सांगा.

आता माप. दरवाजा ८४ इंच, दोन्हीकडे सहा सहा धरून चॅनेल ९६ इंच. ५४ पन्ह्याचं कापड घ्या, चार पाट म्हणजे पूर्ण पन्ह्याचे चार उभे तुकडे, दोन दोन जोडून डावा आणि उजवा असे दोनच मोठे पडदे. एका पडद्याचे दोन पाट म्हणजे १०८ इंच, कडेच्या दुमडी आणि मधला जोड मिळून पाचेक इंच गेले, उरले १०३. तयार पडदा हवा ५० इंचाचा, ४८ अधिक मधे एकमेकांवर यायला दोन. म्हणजे ५३ इंच कापड चुण्यांत जिरवायचं. अकरा चुण्या घाला, एकेका चुणीत पावणेपाच इंचाच्या आसपास कापड जाईल, दोन्ही टोकांना दोन दोन इंच सपाट सोडलं की दोन चुण्यांमधलं अंतर साडेचार इंचांच्या जरा वर येतं. हे प्रमाण अगदी बरोबर आहे, चुणी भरीव दिसते आणि मधला भाग ताणत नाही. ४८ चाच पन्हा आवडला तर पाच पाट घ्या, अर्धा अर्धा पाट बाहेरच्या कडेला जोडायचा, म्हणजे जोड भिंतीकडे जातो आणि डोळ्यात येत नाही, चुण्यांचं अंतर मग टेलरला नव्याने काढायला सांगा.

उंची. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. माप छतापासून नाही, रनरच्या ज्या डोळ्यात हूक अडकतो तिथपासून जमिनीपर्यंत घ्यायचं. म्हणून आधी चॅनेल लागू दे मग टेप घ्या. तीन ठिकाणी मोजा, डावीकडे, मधे आणि उजवीकडे, फरशी कुठेतरी चढउतार असतेच, त्यातलं सगळ्यात कमी धरा आणि त्यातून अर्धा इंच वजा करा. जमिनीवर लोळणारे पडदे फोटोत छान दिसतात, आपल्याकडे रोज केर काढतो, फरशी पुसतो, महिन्याभरात खालची कड काळी. तुमचं ९ फूट ४ म्हणजे ११२ इंच, चॅनेल रनर वगैरे जाऊन हुकापासून तयार पडदा अंदाजे ११० धरू. त्यात खालची चार इंची पट्टी दोनदा दुमडून म्हणजे आठ, वरती बकरमचं पाच, वेडंवाकडं कापलं गेलं तर दोन, झाले १२५ इंच, म्हणजे एका पाटाला ३.२ मीटर, चार पाटांना १२.८, तेरा मीटर घ्या. अस्तर पण तेवढ्याच पाटांचं, लांबीला थोडं कमी चालेल.

खालच्या पट्टीत कंजुसी नको, चार इंच दुहेरी पट्टी असली की तिच्या वजनाने पडदा सरळ पडतो.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, डिझाइनचं कापड असेल तर फूल किंवा नक्षी किती इंचांनी परत येते ते विचारा. समजा २४ इंचांनी येते, तर १२५ ला कापता येत नाही, प्रत्येक पाट एकाच जागेवरून सुरू व्हायला हवा, नाहीतर जोडावर अर्धं फूल इकडे अर्धं तिकडे. मग पाट १४४ इंचांचा घ्यावा लागतो, म्हणजे सहा नक्ष्या पूर्ण, चार पाटांना साडेचौदाच्या वर, पंधरा मीटर घ्यायचं. प्लेन किंवा बारीक टेक्स्चरचं घेतलं तर हा सगळा त्रास नाही आणि प्लीटवर प्लेनच जास्त खुलतं असं माझं मत, मोठी फुलं चुणीत गिळली जातात.

कॉटन असेल तर शिवायच्या आधी भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच टेलरकडे. कॉटन धुतल्यावर शंभराला तीनचार इंच सहज आटतं, ११० इंचाचा पडदा पहिल्या धुण्यात घोट्यावर येतो.

नवंघर_पुणे
काकू हे सगळं प्रिंट काढून टेलरला देतेय. तुम्ही चुणीचं अंतर वगैरे सांगितलं ते तर कुठल्याच दुकानात ऐकलं नव्हतं. प्लेनच घेते, राखाडीकडे झुकणारा मातकट रंग डोक्यात आहे. शेवटचं एक, लावल्यावर काही करावं लागतं का, मैत्रिणीकडचे प्लीट खाली जाऊन पसरलेत, वरतीच फक्त छान दिसतात.

सुईदोरा
हो, ते बसवावे लागतात. पडदा पूर्ण उघडून एका बाजूला घ्या, मग वरच्या प्रत्येक चुणीची घडी हाताने खालपर्यंत ओढत आणायची, चुणी खोलीकडे, मधलं कापड काचेकडे. सगळ्या घड्या हातात नीट जमल्या की कापडाच्या चिंध्यांनी तीन ठिकाणी सैलसर बांधा, वरून हातभर खाली, मधे आणि खालच्या पट्टीच्या वर. सुतळी नको, वण पडतो. तीनचार दिवस तसेच राहू द्या, स्टीम इस्त्री असेल तर बांधायच्या आधी दुरून वाफ द्या. सोडल्यावर त्या घड्या लक्षात ठेवल्यासारख्या पडतात. प्रत्येक वेळी धुतल्यावर हेच करायचं.

धुताना हूक सगळे काढा, एका वेळी एकच पडदा, मशीन छोटं असेल तर अस्तरवाला घालूच नका, ओला झाला की फार जड होतो. स्पिन कमीत कमी, पिळायचं नाही, आणि थोडा ओलसर असतानाच चॅनेलला परत अडकवा, स्वतःच्या वजनाने सुरकुत्या जातात. खाली फरशीवर जुनं बेडशीट टाकून ठेवा.

साइटवरचा
नऊ इंचांच्या खाचेत दोन चॅनेल मारताना मधलं अंतर चार इंच तरी ठेवायला सांगा, चुणी मागेपुढे दोन्हीकडे येते, कमी ठेवलं तर शिअर आणि मेन एकमेकांत अडकतात. शिअर काचेकडे. आणि काचेकडचं चॅनेल लावायच्या आधी स्लायडिंगचा हँडल आणि मच्छरजाळीचा पट्टा किती बाहेर येतो ते बघा, हँडल दोन इंच बाहेर असेल तर चॅनेल भिंतीपासून तीन इंच तरी सोडून. म्हणजे तीन, मग चार, आणि उरले दोन सीलिंगच्या कडेपर्यंत, तेवढ्यात मेन पडद्याची चुणी जेमतेम बसते. सीलिंगवाल्याने अजून फ्रेम ठोकली नसेल तर दहा इंच करून घ्या.

नवंघर_पुणे
हँडल पावणेदोन इंच बाहेर आहे, आत्ताच मोजलं. दहा सांगते त्याला.